सतरंजीवरची माझी जागा

अप्पा,

परवा चौसाळ्यात तुम्हाला समाधी दिली, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत उभा होतो. तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवूनच खाली उतरवलं. मांडी घातलेली, कपाळावर भस्माचे पट्टे, तळहातावर इष्टलिंग. माझ्या शेजारी कुणीतरी हुंदका दिला. मला मात्र, खरं सांगतो, रडू आलं नाही. मला वाटलं, तास सुरू होणार आहे. तुम्हाला खुर्चीत बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. पाहिलं ते असंच, जमिनीवर, समोरचा कधी बोलतो याची वाट बघत.

बेलाचं पान वाहायला माझी पाळी आली तेव्हा एक वाक्य ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. अकरा वर्षं गिळतोय, सवय झाली आहे.

उद्या कॉलेजात तुमची शोकसभा आहे. प्राचार्य म्हणाले, "लेख तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांच्या सगळ्यांत जवळचे." मी मराठीचा प्राध्यापक. दोन दिवस कागद फाडतोय. 'व्यासंगी', 'विद्यार्थिप्रिय', 'कधीही भरून न येणारी पोकळी'. प्रत्येक शब्दाशी तुम्ही पेन्सिल घेऊन बसलेले दिसता. म्हणून आता सभेसाठी नाही, तुमच्याशीच बोलतो.

तुम्हाला ती पहिल्या सहामाहीची उत्तरपत्रिका आठवत असेल. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची. मी स्टाफरूममध्ये ती मोठ्यानं वाचून दाखवली होती. पोरानं गाईडमधलं उत्तर अक्षर न् अक्षर उतरवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, 'अधिक माहितीसाठी पान ४३ पाहा.' हसून हसून आमचे चहाचे कप सांडले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "लई इमानदार पोरगं हाय. जे दिलं ते सगळं उतरवलं. आजवर त्याला कुणी इचारलंच न्हाई, की बाबा, तुला काय म्हणायचंय?"

"विचारलं तरी काय सांगणार आहे तो?" मी म्हणालो.

"ते इचारल्यावर कळंल ना, मारोती."

दुसऱ्या सोमवारी तुम्ही सतरंजी घेऊन आलात. तुमच्या घरच्या कापडदुकानातली, निळ्या पट्ट्यांची. चकलांबा-तलवाड्याकडून येणारी एस.टी. नऊला पोरांना सोडायची आणि कॉलेज भरायचं अकराला. ते दोन तास पोरं पानटपरीपाशी नाहीतर केबलचं दुकान होतं तिथं टीव्हीपुढं उभी असायची. ते दोन तास तुम्ही मागून घेतलेत. नऊ नंबरची खोली, मागचं दार मोडलेलं. ज्यांना चार ओळी स्वतःच्या लिहिता येत नाहीत अशी सव्वीस मुलं-मुली तुम्ही गोळा केलीत. नाव ठेवलंत 'कच्चा वर्ग'. स्टाफरूमनं त्याचा 'ढ वर्ग' केला.

"काय अप्पा, भरली का बालवाडी?" असं एकानं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "भरली की. तुझी जागा राखून ठेवलीय रे, कवा बी ये."

मी पहिल्यांदा दारात उभा राहून पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा काय प्रकार आहे? ना फळा, ना खडू. पोरं जोडीनं बसलेली. एक बोलतोय, दुसरा तो जसं बोलतो तसंच लिहून घेतोय, हा तुमचा पहिला नियम. मग वही बोलणाऱ्याच्या हातात द्यायची आणि त्यानं आपलं बोलणं दुसऱ्याच्या अक्षरात वाचायचं. एवढंच. बिभीषण नावाचा चकलांब्याचा पोरगा होता, मेंढरंवाल्याचा. 'पान ४३ पाहा' लिहिणारा तो हाच. त्यानं वही घेतली, बोट फिरवत वाचली आणि वर बघून म्हणाला, "आयला, मी बोललेलं आसं दिसतं व्हय?"

कुणी हसलं नाही. तो पुन्हा वाचायला लागला. अप्पा, मी वीस वर्षं शिकवतोय. एखाद्या माणसाला पहिल्यांदा आपला चेहरा पाण्यात दिसावा तसा त्याचा चेहरा झाला होता. मी तिथून निघून गेलो. का गेलो ते तेव्हा कळलं नव्हतं.

त्याचं ते पहिलं पान मला पाठ आहे. 'आमच्या बापाला मोजता येत न्हाई. पन शंभर मेंढरात एक कमी आसलं तर त्याला कळतं. कसं कळतं म्हाईत न्हाई. मी कवा इचारलं न्हाई.' समासात तुमच्या पेन्सिलीनं एक शब्द: 'मंग?'

लाल पेन तुम्ही कधी वापरलं नाही. कानावर पेन्सिलीचा तुकडा, दुकानदारासारखा, आणि समासात फक्त विचारणं. 'कोण?' 'कवा?' 'मंग?' पोरगं घरी जायचं, विचारून यायचं, पुन्हा लिहायचं. बिभीषण बापाला विचारून आला. बाप म्हणाला होता, "मोजायचं काय त्यात? जी नसती तिची जागा दिसती." दिवाळीनंतर त्याच चार ओळींची सहा पानं झाली होती. तीही आपण वर्गात शिकवतो त्या मराठीत, स्वच्छ, नेमकी. फक्त बापाचं वाक्य बापाच्याच बोलीत. सहा पानं! ज्या पोरानं सहामाहीत गाईड उतरवलं होतं त्यानं.

आणि ती रुक्मिण. तिच्या वस्तीवर एस.टी. थांबत नव्हती, पोरींना दीड कोस चालावं लागायचं. तुमचा दुसरा नियम असा, की लिहिलेलं कुणाला तरी पोचलं पाहिजे, मास्तरसाठी लिहायचं नाही. तिनं आगारप्रमुखांना पत्र लिहिलं. पाच वेळा लिहिलं. पाचव्या वेळी टपालात टाकलं आणि महिन्याभरानं गाडी वस्तीवर थांबायला लागली. त्या दिवशी ती वर्गात येऊन म्हणाली, "सर, कागदानं गाडी थांबली!" तुम्ही म्हणालात, "कागदानं न्हाई बाई. तू थांबवलीस."

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत? तुम्ही हसलात. "आमच्या दुकानात शिकलो. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक तोंड उघडत न्हाई तवर तागा उघडायचा न्हाई. आपण काय करतो? पोरगं दारात आलं की ढिगारा टाकतो त्याच्यापुढं."

तिसरा नियम सगळ्यांत कडक होता. पहिलं पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. "ते आपलं जोतं हाय. घर झाल्यावर जोतं कुणी उपटून टाकतं का?"

यावरच आपलं भांडण होतं. बसस्टँडवर, रसवंतीत, तुमच्या भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर चहा उकळताना. मी म्हणायचो, "अप्पा, मी तलवाड्याच्या धनगराचा पोरगा. 'न्हाई'चं 'नाही' व्हायला मला सात वर्षं लागली. औरंगाबादच्या वसतिगृहात पोरं माझी नक्कल करायची. आणि तुम्ही ते 'न्हाई' वहीत जपून ठेवायला सांगता? तुम्हाला परवडतं. तुमच्या मागं दुकान आहे, नाव आहे." तुम्ही शांतपणे म्हणायचात, "मी कुठं म्हणतो तितंच थांबा? निघताना घरूनच निघावं लागतं ना, मारोती." मी म्हणायचो, "घर दाखवायची गरज नसते." ते भांडण कधी मिटलं नाही. आता कोण मिटवणार?

मग विद्यापीठाचं पत्र आलं. कॉलेजांमधल्या नव्या उपक्रमांची पाहणी करून निवडक उपक्रमांना मान्यता देणार होते. मान्यता मिळाली तर कच्चा वर्ग वेळापत्रकात येणार होता, हक्काची खोली मिळणार होती आणि मुख्य म्हणजे इतर कॉलेजांनाही तो सुरू करायला सांगितलं जाणार होतं. तुम्ही ते पत्र चार वेळा वाचलंत. म्हणालात, "आष्टीपासून परळीपर्यंत अशी किती पोरं आसतील रे?" तुम्हाला मी कधी कशाची इच्छा करताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

आणि समिती यायच्या आठवडाभर आधी तुम्हाला टायफॉईड झाला. चौसाळ्याच्या एस.टी.डी. बूथवरून तुमचा फोन आला, आवाज खोल गेलेला. "मारोती, मीटर पळतंय, थोडक्यात सांगतो. वह्या जशाच्या तशा मांडायच्या. कव्हर घालू नको. त्यांना पहिलं पान बघू दे अन् शेवटचं बघू दे. मधी आपण बोलायची गरज न्हाई."

मी "होय" म्हणालो.

फोन ठेवला आणि नऊ नंबरमध्ये जाऊन वह्या काढल्या. दुमडलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या, एकीला शेणाचा वास. उघडली ती बिभीषणाची निघाली. 'आमच्या बापाला मोजता येत न्हाई.' मला डोळ्यांपुढं सफारी घातलेले पाहुणे दिसले, ते वाचून एकमेकांकडं बघणारे. वसतिगृहातली ती नक्कल ऐकू आली.

मी सव्वीस नव्या वह्या आणल्या. पोरांना म्हणालो, "पाहुणे येणार तर आपण घर सारवतो का नाही? तसंच हे." तीन दिवस त्यांच्याकडून पक्की प्रत लिहून घेतली. नुसती नक्कल नाही, मी सांगेन तसं. बिभीषणाच्या सहा पानांचा निबंध झाला, 'मेंढपाळ: निसर्गाचा सुपुत्र'. बापाचं ते वाक्य मी गाळलं. रुक्मिणच्या पत्रात तीन 'महोदय' घातले. खाकी कव्हर, कोपऱ्यात नावाच्या चिठ्ठ्या. पोरं खुशीत होती, सणाची तयारी असल्यासारखी. एकटी रुक्मिण म्हणाली, "सर, पण अप्पासर तर म्हणले होते, पहिलं पान ठेवा म्हणून."

"मी सांगतो त्यांना," मी म्हणालो.

जुन्या वह्या युरियाच्या रिकाम्या गोणीत बांधल्या आणि स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात टाकून कुलूप लावलं.

समितीत तिघं होते, स्टाफरूममध्येच बसवलेले. त्यांतल्या एक वयस्कर बाई खरोखर मन लावून वाचत होत्या, हे मी आजही सांगतो. त्यांचा काहीच दोष नव्हता. दहा-बारा वह्या वाचून त्यांनी चष्मा काढला. "अक्षर सुंदर आहे. भाषा नीटनेटकी आहे. पण सर, ही मुलं मुळातच चांगली दिसतात. ज्यांना लिहिता येत नव्हतं ती मुलं कुठं आहेत?"

अप्पा, कपाट दहा पावलांवर होतं. किल्ली माझ्या खिशात होती, मी तिच्यावर बोट फिरवत होतो. बिभीषण दाराशी उभा राहून माझ्याकडं बघत होता. एक गाठ सोडायची होती, दोन पानं उघडायची होती, पहिलं आणि शेवटचं. मधे मला बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

मी म्हणालो, "मॅडम, चहा घ्या, गार होतोय."

अहवाल आला. उपक्रम स्तुत्य आहे, परंतु दुर्बल विद्यार्थ्यांपर्यंत तो पोचल्याचं दिसून येत नाही. मान्यता नाही. तुम्ही आजारातून उठून आला होतात, सदरा अंगावर लोंबत होता. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तुम्ही तो कागद वाचलात आणि म्हणालात, "चूक माझी. मीच हजर न्हवतो. त्यांचा काय दोष?" मी खिडकीबाहेर बघत होतो.

जूनमध्ये नऊ नंबरच्या खोलीत फी भरून शिकायचा कॉम्प्युटर कोर्स आला. दाराला पडदे लागले, बाहेर चपला काढायचा नियम आला. तुम्ही तक्रार केली नाहीत. निळी सतरंजी उचललीत आणि सायकलस्टँडच्या पत्र्याखाली अंथरलीत. मला वाटलं, चार दिवस चालेल. निवृत्त होईपर्यंत पाच वर्षं चालला तुमचा वर्ग. उन्हाळ्यात पत्रा तापायचा तेव्हा तुम्ही सरकत सरकत भिंतीच्या सावलीत जायचात आणि सगळी पोरं सतरंजीसकट तुमच्यामागं सरकायची. मी वरच्या मजल्यावरून बघायचो. आपल्याला कुणी बघतंय, नोंद घेतंय, शाबासकी देतंय, याची या माणसाला गरजच कशी पडत नाही? मला आजही उमगलेलं नाही. डोंगरापुढं उभं राहिल्यावर माणूस गप्प होतो, तसा मी त्या पत्र्याच्या शेडपुढं गप्प व्हायचो.

आणि दर जूनला, वर्गाच्या पहिल्या दिवशी, तुम्ही मला हाक मारायचात. सतरंजीच्या कडेला एक जागा मोकळी ठेवलेली असायची.

"मारोती, ये. तू बी बस."

"मी कशाला, अप्पा?"

"तुझं पहिलं पान राहिलंय ना."

"मला तास आहे," मी म्हणायचो. पाचही वर्षं हेच म्हणालो. सकाळी साडेनऊला मला कधीच तास नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं.

परवा समाधीवर माती पडल्यावर लोक पांगले. बिभीषण माझ्याजवळ आला. आता तो चकलांब्याच्या शाळेत मास्तर आहे, डोक्यावरचे केस गेलेत. रडून डोळे सुजले होते. मी म्हणालो, "बिभीषण, तुमच्या त्या जुन्या वह्या..."

"तुमच्याकडं हायत, सर. आमाला ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवापासूनच. रुक्मिणनं अप्पासरला आल्या आल्या सांगितलं व्हतं. आमी म्हणलो, मागून आणतो. अप्पासर म्हणले, कुणी मागायचं न्हाई. त्याच्यापाशी नीट ऱ्हातील. ज्या दिवशी त्याला द्याव्या वाटतील त्या दिवशी देईल." मग म्हणाला, "अन् म्हणले, त्यानं तुमच्या वह्या झाकल्या न्हाईत रे. सोताचीच झाकली."

म्हणजे त्या दिवशी स्टाफरूममध्ये 'चूक माझी' म्हणालात तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. नंतर अकरा वर्षं माझ्यासोबत चहा घेतलात, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलंत, आणि एकदाही त्या कपाटाकडं पाहिलं नाहीत. अप्पा, मी तुमच्यावर रागवायला हवं का? एकदा कॉलर धरून विचारलं असतंत तर मी मोकळा झालो असतो. पण गिऱ्हाईक तोंड उघडेपर्यंत तागा उघडायचा नाही, हेच तुम्ही पाळलंत. मी तोंड उघडलं नाही. तुमचा नियम मोडला नाही, माणूस मात्र गेला.

गोणी पुढं मी कपाटातून घरी नेऊन माळ्यावर टाकली होती. बायको दर दिवाळीला विचारायची, "कावून ठेवली ही रद्दी?" आज सकाळी ती खाली काढली. एकही वही उंदरानं कुरतडलेली नाही. बिभीषणाला येतो म्हणून कळवलं आणि ती मोटरसायकलला बांधून चकलांब्याला गेलो. रविवार, शाळा बंद. बिभीषणानं शाळेच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती, मुलांच्या वर्गातली. कडेला जागा सोडली होती. त्यालाही ती सवय तुमचीच. मी पायऱ्यांवर पाय सोडून, अर्धा सतरंजीवर आणि अर्धा बाहेर, असा बसलो. त्यानं कोरी वही घेतली. "बोला, सर. जसं बोलाल तसंच लिव्हतो."

वर लिहिलंय ते सगळं घरी परतल्यावर, दुपारी लिहिलं. सुधारून, जुळवून, माझ्या नेहमीच्या मराठीत. पण ते पहिलं पान नव्हे. पहिलं पान बिभीषणाच्या अक्षरात आहे. उद्या सभेत सव्वीस वह्या ज्यांच्या त्यांना देणार आहे, आणि हे पान त्यांच्यासमोर वाचणार आहे. फाडणार नाही, खोडणार नाही. खाली जसंच्या तसं उतरवतो.

'अप्पा, मी मारोती. तलवाड्याचा. तुमी आजारी व्हते तवा वह्या मी झाकल्या. पोरांनी न्हाई, मी. तुमी फोनवर सांगितलतं हात लावू नको. मी व्हय म्हणलतो. त्या वह्यांत माझा बाप बोलत व्हता. पाव्हण्यांपुढं त्याला बसवायची मला लाज वाटली. बाईंनी इचारलं तवा चावी खिशात व्हती. मी बोललो न्हाई. तुमी चूक माझी म्हणले, तवा बी बोललो न्हाई. माझ्या बापाला बी मोजता येत न्हवतं. त्याला बी जी नसती तिची जागा दिसायची. मी हे कुणाला कवा सांगितलं न्हाई. त्यो मेला तवा मी तलवाड्याला उशिरा गेलतो.'

इथं मी म्हणालो, "बस, एवढंच."

बिभीषणानं पेन खाली ठेवलं. कानावरची पेन्सिल काढली, वही तिरकी धरली आणि शेवटच्या ओळीसमोर, समासात, एक शब्द लिहिला. वही माझ्यापुढं सरकवली.

'मंग?'

मी चपला काढल्या, पाय वर घेतले, सतरंजीवर नीट मांडी घातली आणि बोलायला लागलो.